इथे कूलर लावू नये

बाई, तुमचा पाय टिकला.

आधी तेवढं सांगून टाकतो. लांबण तुम्हाले आवडत नव्हती, मलेही आवडत नाही. कॉलेजच्या मशीननं त्या नकली पायाले ठोक ठोक ठोकलं. टाच, चवडा, टाच, चवडा, दिवस नाही रात्र नाही. एखादा माणूस वर्षानुवर्षं चालन तेवढं त्या मशीननं त्याले चालवलं. मंग उतरवला, मधून कापला, भिंगाखाली धरला. एक थर सुटला नाही बाई. तुमची ती सुकडी विद्यार्थिनी, डब्यात रोज भेंडी आणायची ती, आता तुमच्याच खुर्चीत बसते, डिपार्टमेंटची मुख्य आहे. तिनं मले घरी फोन केला. "मामा, थर सुटले नाहीत," एवढं म्हणाली अन् रडायले लागली. मी म्हटलं, "रडून काहून राहिली वं? बातमी चांगली आहे ना?" तर म्हणते, "चांगली आहे म्हणूनच, मामा." हे मले कधी समजलं नाही. फोन ठेवला, चहा मांडला, बसलो. मंग मनात आलं, बाईले हे कोण सांगन?

म्हणून लिहून राहिलो. सहावीच्या पुढे मले शाळा नाही, तुम्हाले माहीत आहे. 'कॉम्पोझिट' हा शब्द तुमच्यापाशी ऐकला, तुमच्यापाशीच लिहायले शिकलो, अन् अजूनही जोडाक्षरावर अडतो. तुम्ही गेल्या तेव्हा माहे केस काळे होते. आता नातू मले म्हातारा म्हणते, अन् मी त्याले म्हणतो, शर्यत लाव मंग. आधी हे नुसतं बोलणं होतं. आता नाही.

पहिला दिवस आठवते का? सावनेरकडच्या खाणीत कोळसा वाहणाऱ्या टबगाडीखाली माहा डावा पाय गेला होता, गुडघ्याच्या खालून. काकानं कोणाकोणाच्या पाया पडून मले तुमच्या शेडवर झाडझूड करायले चिकटवून दिलं. डिपार्टमेंटच्या मागची टिनाची शेड, पातळ राळेचा नाकात झोंबणारा वास, अन् मी लाकडी पाय घेऊन ठक ठक करत दारात. तोवर जो भेटे तो एकच विचारे, कसं झालं, दुखलं का गा, आता लग्नाचं कसं. तुम्ही चष्म्यावरून पाह्यलं अन् विचारलं, "किती वजन आहे?" मले वाटलं माहं विचारून राहिल्या. तुम्ही म्हणाल्या, "तुझं नाही. पायाचं." तो काढायले लावला अन् राळ मोजायच्या काट्यावर ठेवला. "बाप्पा! हा पाय आहे की नांगर?" मी असा चिडलो बाई. एका पायावर टेबल धरून उभा, अन् ही कोण बाई माहा पाय वांग्यासारखा तोलून राहिली! पण संध्याकाळी घरी जाताना वाटलं, आज दिवसभरात कोणीच कीव केली नाही. दुसऱ्या दिवशी मी टायमाच्या आधी आलो.

तुमचं काम तेव्हा ट्रकच्या कमानीचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं होतं. लोखंडी पाट्यांच्या जागी काचेच्या धाग्याच्या कापडाची कमानी, वजन एवढंसं अन् ताकद तेवढीच. मी म्हटलं, काच कशी वाकन? तुम्ही म्हणाल्या, "तुमच्या घरी कुडाची भिंत आहे ना? त्या मातीत काय घालतात?" मी म्हटलं, तूस. "नुसती माती लिंपली तर?" भेगाळते. "आणि नुसतं तूस?" उडून जाते. "झालं तर मग. काचेचा धागा म्हणजे तूस, राळ म्हणजे माती. दोघांनी एकमेकांना नीट धरलं तर कॉम्पोझिट, लोखंडाला भारी. नाही धरलं तर..." अन् तुम्ही चुटकी वाजवली. तुमचं एवढंच शास्त्र मले समजलं अन् तेवढ्यावर नोकरी काढली. तुम्ही बोलायच्या शुद्ध. राग आला की मात्र सरळ नागपुरीवर उतरायच्या, अन् मंग शेडमधले मोठमोठे पोट्टे कोपरा धरायचे.

मले तर रोज धरायच्या. "चांगल्या पायाले काय धाड भरली गा? तो काहून लंगडते?" मी म्हणे, बाई, लाकूड जड आहे. "लाकडाचं मी पाहतो काय करायचं ते. तू चांगला पाय उचल!" रागात तुम्ही स्वतःले 'पाहतो' म्हणायच्या, बापया माणसावाणी. पोट्टे तोंडावर हात धरून हसायचे.

मंग एक दिवस तुम्ही हातात तयार कमानी घेऊन माह्या चालण्याकडे पाहत राह्यल्या. लय वेळ. मी झाडू थांबवला. तुम्ही म्हणाल्या, "ट्रकला कमानी देतोय आपण. आणि याला ओंडका?" तिथून ते खूळ सुरू झालं. खूळच म्हणायचे सारे. मोठे साहेब तुमच्या तोंडावर बोलले होते, "मॅडम, गाडीचं काम सोडून खेळणी बनवून राहिल्या का?" तुम्ही म्हणाल्या, "हो सर. पळणारं खेळणं." माह्यासमोर बोलल्या तुम्ही ते. त्या दिवसापासून मी पळणार हे पक्कं झालं होतं. मले कोणी विचारलंच नव्हतं, पण पक्कं झालं होतं.

विळ्यासारखी वाक असलेला पाय. टाच टेकली की दबणार, चवड्यावर गेलं की ढकलणार. त्यासाठी सागाचा साचा तुम्ही स्वतः तासून घेतला, सुताराच्या डोक्यावर उभ्या राहून. साच्यातून माल सुटावा म्हणून वरून एक नायलॉनचं अस्तर लागायचं, ते आपण गांधीबागेत शोधत फिरलो. दुकानदार तुम्हाले म्हणाला, "ताई, परकराले पाहिजे का?" तुम्ही म्हणाल्या, "नाही हो, पायाला." त्यानं तुमच्या पायाकडे पाह्यलं, मंग माह्या पायाकडे पाह्यलं, अन् कापड कापताना जरा जास्तच सोडलं. तुम्ही वापस येताना रिक्षात हसत होत्या. तुम्हाले असं हसताना मी फार कमी पाह्यलं.

अन् ती तुमच्या घरची गच्ची! माल आळल्यावर त्याले अजून एक कडक शेक लागे. कॉलेजची भट्टी कमानीसाठी, पायासाठी परवानगी नाही. तुम्ही म्हणाल्या, नागपुरात राहून भट्टीची भीक मागायची का? पत्र्याच्या पेटीले आतून-बाहेरून काळा रंग दिला, पाय आत ठेवला अन् पेटी गच्चीवर उन्हात. त्याच गच्चीवर तुमच्या सासूबाईच्या कुरडया वाळून राहिल्या होत्या. दुपारी त्या पाहायले गेल्या, पेटी उघडली अन् अशी बोंब ठोकली की शेजारचे जेवण सोडून धावले. "कोणाचा पाय आहे वं हा माह्या कुरडयांत?" तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आपल्याच माणसाचा आहे, झाकण लावा, गार होऊन राहिला!" मी स्वयंपाकघरात पाटावर बसून वरण-भात खात होतो. मले ठसका लागला. सासूबाई खाली आल्या, मले वरून खालपर्यंत पाह्यलं अन् म्हणाल्या, "याले कुरडई तळून द्या. भाडं म्हणून." म्हणजे कोणाचं भाडं कोणाले, ते मी विचारलं नाही. खाल्ली.

आता कूलरचं. ते लिहिल्याशिवाय पुढचं जमत नाही.

मे महिन्यात राळ मगातच गरम होऊन धूर सोडायची, म्हणून आपण पहाटे कामाले लागायचो. तसा त्या दिवशीही लागलो. निम्मे थर बसवून झाले, ते आळेपर्यंत थांबायचं अन् दुपारनंतर वरचे निम्मे. पाहुणे येणार म्हणून ऑफिसनं शेडमध्ये नवाकोरा कूलर आणून ठेवला होता, वाळ्याच्या ताट्या, टाकी भरलेली. तुम्ही त्याले हात लावू देत नव्हत्या. पण दुपारी मी साचा धरून बसलो होतो अन् मले चक्कर आली. नुसती चक्कर, काही मोठं नाही. तुम्ही उठल्या अन् खटका दाबला. ओला गारवा आला बाई, वाळ्याचा वास आला. मी डोळे मिटून घेतले. नागपुरात कूलर लावणं म्हणजे काय, पाणी विचारण्यासारखं. पाहुण्यालेही लावतात, सोयऱ्यालेही लावतात. कोणाच्या मनात येईन की त्या ओल्या हवेनं राळेवर साय धरन? मेणकट, पांढुरकी, बोटाले लागन न लागन अशी. त्या सायीवरच आपण वरचे थर बसवले.

पाय दिसायले झकास झाला. उन्हात शेकला, घासला, माह्या खुंटाले बांधला. शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत तुम्ही उभ्या राह्यल्या, सारे पोट्टे भिंतीशी, ती भेंडीवाली पुढे. मी चाललो. बाई, चाललो कसला, तरंगलो. लाकूड मागं खेचायचं, हा पुढे ढकलून राहिला होता. तुम्ही ओरडल्या, "पळ!" मी पळलो. चार-पाच पावलं असतील. मंग कडाड असा आवाज आला अन् मी तोंडावर. हनुवटीवर ती खूण अजून आहे, दाढी करताना वस्तरा तिथंच अडते. तुम्ही धावत आल्या अन् आधी तुकडे उचलले. मले तेव्हा असा राग आला! मी पडलो अन् ही बाई तुकडे उचलते. मंग तुम्ही तिथंच मातीत माह्याजवळ बसल्या, साडीची पर्वा न करता, अन् तो तुकडा माह्यापुढे धरला. थर असे सुटले होते जसे शिळ्या पोळीचे पापुद्रे. एका थरावर ती साय दिसत होती. तुम्ही बोट फिरवलं. "कूलर," तुम्ही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात तोच तुकडा उंच धरला. मी दारात पट्टी बांधून उभा होतो. "ही चूक माझी आहे. मला माणसाची दया आली आणि मी कूलर लावला. राळेला दया कळत नाही. तिला कोरडी हवा कळते." तेवढ्या मोठ्या बाईनं सगळ्यांपुढे असं म्हणावं? मले लाज वाटली, कारण चक्कर मले आली होती. तुम्ही मात्र सरळ बाहेर आल्या, मले रंगाचा डबा आणायले लावला अन् पाटीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'इथे कूलर लावू नये'. तिथून पुढे किती उन्हाळे गेले, शेडमध्ये कूलर लागला नाही. कमानीचं काम पुरं झालं, तिचं नाव झालं. पायाच्या कामाले मात्र माल मिळत नव्हता, परवानगी मिळत नव्हती, अन् मंग तुमची तब्येत मिळेना.

दवाखान्यात तुम्ही मले बोलावलं. मी मोसंब्या घेऊन गेलो होतो, तुम्ही त्यांच्याकडे पाह्यलंही नाही. पलंगाखालून सागाचा साचा काढायले लावला. "हा तुझ्याकडे ठेव. डिपार्टमेंटमध्ये कोणी चुलीत घालेल." मी म्हटलं, बाई, मी त्याचं काय करू? तुमचा आवाज बारीक झाला होता, पण चिडल्या. "ठेव म्हटलं ना! वाक बरोबर आहे त्याची. वाक चुकली नाही, मी चुकलो." बस. हेच शेवटचं बोलणं. शोकसभेत तीन साहेब बोलले. कमानीवर बोलले, शिस्तीवर बोलले. पायाचं कोणी नावही काढलं नाही. मी मागं उभा होतो, सरकारी शिबिरातला रबरी पाय घालून. तेव्हाच मनात धरलं, बाई बरोबर होत्या का ते साहेब बरोबर होते, हे आता त्या वाकेनंच सांगायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही.

साचा माह्या घरी राह्यला. बायकोनं त्यावर लोणच्याची बरणी ठेवली, म्हणे पोकळ बसते, खालून हवा लागते. वर्षं गेली, मी रिटायर झालो, अन् एक दिवस ती भेंडीवाली दारात. केस पिकलेले, हातात हेल्मेट. "मामा, मॅडमचा साचा आहे का हो?" बायको म्हणाली, "आहे की. बरणी काढू का?" दोघी मिळून त्याले घासत बसल्या, तेलाचे डाग जाईनात. तिनं तो नव्या लॅबमध्ये नेला. उजेडाच्या रेघेनं त्याचं माप घेतलं, कॉम्प्युटरमध्ये घातला. आता काळ्या धाग्याचं कापड असते, कार्बनचं, तुमच्या काचेहून हलकं. कॉम्प्युटरले म्हटलं, तू काढ बरं चांगला आकार. त्यानं कितीतरी आकार काढले, मोडले, पुन्हा काढले. अन् फिरून फिरून कुठं आला, सांगा? तुमच्या वाकेवर आला. जराशी टाचेकडे जाडी वाढवली, बस तेवढंच. ती पोट्टी मले पडद्यावर दाखवून राहिली होती, एक रेघ लाल, एक निळी, एकावर एक. मी म्हटलं, मले एकच दिसून राहिली. ती म्हणाली, "तेच तर, मामा!"

नव्या लॅबमध्ये एसी आहे, हवा कोरडी करायची वेगळी मशीन आहे, भिंतीवर ओल मोजायचा काटा आहे. अन् दारावर तुमची पाटी आहे, शेड पाडली तेव्हा तिनं काढून आणलेली. नवे पोट्टे तिच्यापाशी उभे राहून फोटो काढतात. एकानं मले विचारलं, "मामा, हा काय जोक आहे का? एसीच्या रूमवर कूलर लावू नये?" मी हनुवटी वर करून त्याले खूण दाखवली. म्हटलं, "हा जोक आहे. हस."

मशीननं पाय पास केला तरी माणसावर लावायच्या आधी कागदं लय असतात बाई. सह्या, तपासण्या, पुन्हा सह्या. पाय बसवणारी डॉक्टरीणबाई आली, तिनं त्याच वाकेचा दुसरा पाय मले बांधला, दांड्या धरून चालवलं, मंग न धरता चालवलं. मी म्हटलं, पळायचं कधी? ती म्हणाली, "काका, वय पाहा ना जरा. पळण्याचं नंतर बघू." नंतर! मी किती दिवसाचा सोबती आहे हे तिले कोण सांगन.

मंग कार्यक्रम ठेवला. मले आधी सांगतलं असतं तर आलो नसतो. मांडव, माईक, हार, कोणी मोठे पाहुणे, अन् एक पोट्टी दर दोन मिनिटानं टाळ्या वाजवायले सांगून राहिली होती. मले पाहुण्यांसमोर लाल गालिच्यावर उभं केलं. म्हणे, काका, इथून तिथपर्यंत हळूहळू या, तिथं साहेब तुम्हाले शाल घालतील. गालिच्याच्या पलीकडे लॅबचा लांब व्हरांडा होता, पार टोकापर्यंत मोकळा. मधे फक्त फुलांचा एक स्टँड. मी पाह्यलं, अन् त्या भेंडीवालीनंही पाह्यलं की मी कुठं पाहून राहिलो. डॉक्टरीणबाई तिच्या बाजूले होती, तिनं मान हलवली, नाही म्हणून. तुमची भेंडीवाली उठली, फुलांचा स्टँड उचलला अन् भिंतीशी ठेवला.

गालिचा संपला तसा मी सुटलो. माईकवाली ओरडली, "काका, हळू, हळू!" मी पळता पळता म्हटलं, "हळू जायचं असतं तर लाकूड काय वाईट होतं?" अन् बाई, त्या पायानं ढकललं. त्या दिवशी शेडच्या मागं जसं ढकललं होतं, अगदी तसंच, पण आता पाचव्या पावलाले आवाज आला नाही. सहाव्याले नाही. मी मोजणं सोडून दिलं. खिडक्या मागं जाऊन राहिल्या होत्या, तुमची पाटी मागं गेली, छातीत धाप भरली, धोतर फडफडलं, अन् मी टोकाच्या भिंतीले जाऊन हात मारला. लहानपणी डाव खेळताना मारायचो तसा. वळलो तर सारे उभे. वापस आलो तेव्हा ती भेंडीवाली पुन्हा रडून राहिली होती. या वेळी मी काही विचारलं नाही. साहेब शाल घेऊन पुढे आले. मी म्हटलं, "गरमी होऊन राहिली साहेब, शाल त्या साच्यावर टाका." तो तिथं टेबलावर ठेवला होता, लोणच्याच्या तेलाच्या डागासकट. त्यांनी खरंच टाकली.

पेपरवाल्यानं मले विचारलं, कसं वाटून राहिलं? मी म्हटलं, बाई बरोबर होत्या. त्यानं विचारलं, कोणत्या बाई? तर तुमच्या भेंडीवालीनं त्याचा हात धरला, त्याले पाटीपुढे उभं केलं अन् पहिल्यापासून सांगायले लागली. तुमची चूकही सांगतली. तुम्ही सांगतली होती तशीच, पुऱ्या आवाजात.

आता हा कागद. पोस्टात टाकून कुठं जाईन? पायासोबत त्यांनी नवे बूट दिले, पण त्या पायाचा बूट टाचेशी जरा ढिला होते. घडी करून तिथं घालतो. कामी तरी येईन.

एक राह्यलं, ते कोणाले सांगतलं नाही. जाताना मी सरळ पळलो. वापस येताना चार पावलं लंगडलो. टाळ्यांत कोणाले दिसलं नाही. पाय बरोबर होता बाई. तो दुसरा, चांगलावाला, तोच मागं राह्यला. उद्या ऊन चढायच्या आधी जाऊन पुन्हा पळून पाहतो.